फिरायला जाऊन येतो

डॉक्टर मोघ्यांनी रिपोर्टवर लाल गोल काढला
तेव्हापासून मी दर गुरुवारी तळजईला जातो.
म्हणजे निघतो तळजईलाच.
बूट, टोपी, पाण्याची बाटली.
पण चढ लागायच्या आधी
टायरवाला आणि झेरॉक्स यांच्या मधून
एक बोळ आत वळतो,
आणि पहिल्याच गुरुवारी त्या बोळातून वास आला.

वास कसा सांगू.
दूध उतू जाताना कोणी गॅस बंद केला नाही
आणि त्याचं वाईट न वाटता बरंच वाटलं, तसा.
खारट, करपट, किंचित मोज्यांसारखा.
तरी पाय आपोआप आत.

चार टेबलं. पाचव्यावर बटाट्यांचं पोतं.
भिंतीवर खडूने:
"कष्टाचं चीज झालं, हा विनोद होऊन गेलेला आहे.
पुन्हा केल्यास वीस रुपये जादा."
मी विनोद गिळला. बसलो.

तापकीरबाई एकवीस वर्षं डेअरीत
लोकांच्या दुधातलं फॅट मोजत होत्या.
आता मोजत नाहीत.
जुन्या बाजारातली हीटरची कॉइल,
वेल्डरकडून लोखंडी दांडीवर बसवून घेतलेली,
तिच्याखाली चीजचं अर्धं चाक.
कॉइल लाल होते. चाकाला घाम फुटतो.
मग कड हलते,
मग सबंध एक थर सायीसारखा सुरकुतत
पुढे यावं की नाही ठरवत राहतो,
आणि बाई उलथन्याने त्याचा निर्णय करतात,
उकडलेल्या बटाट्यांवर.
बाजूला मुळ्याचं लोणचं.
"गार व्हायच्या आत," एवढंच बोलतात.

घास उचलला तर दोरा निघाला.
दोरा ताणला तर हात संपला, दोरा नाही.
शेवटी उभा राहिलो.
एकसष्ट वर्षांचा माणूस, टोपी घालून,
काटा डोक्यावर धरून उभा.
कोणी हसलं नाही.
इथे प्रत्येक जण कधी ना कधी उभा राहतो.

घरी दुधी.
"किती चाललात?"
"चार किलोमीटर."
हिने कोमट तेल आणलं, पोटऱ्या चोळून दिल्या.
ते मला चीजपेक्षा जड गेलं.

असे सात गुरुवार.
मग एकदा राहवेना, बुधवारीच गेलो.
बुधवार हिच्या योगवर्गाचा.
दाराशी निळ्या पट्ट्यांची चप्पल,
अंगठ्याशी शिवलेली. शिवून मीच आणली होती.
आत, तीन नंबरला, ही.
योगाची चटई गुंडाळून भिंतीला टेकवलेली,
हनुवटीवर पिवळा थेंब.
आणि तापकीरबाई आतून विचारत होत्या,
"कुमुदताई, नेहमीचंच ना? कांदा करपवून?"

नेहमीचंच.
मला माझ्या सात गुरुवारांची कीव आली.

दुसरी जागा नव्हती.
"इथे कोणी आहे का?" मी विचारलं.
तिने थेंब पुसला. "नाही. बसा ना.
आपण नेहमी येता?"
"पहिल्यांदाच."
"मीसुद्धा," ती म्हणाली,
आणि बाईंनी न विचारता माझी ताटली आणून ठेवली,
लोणचं जास्त.

मग तिने विचारलं, कुठे राहता.
मी म्हणालो, इथेच, पाण्याच्या टाकीजवळ.
मुलंबाळं?
एक मुलगी, कोइमतूरला. रविवारी फोन करते.
"आमचीही," ती म्हणाली, "पण घाईत असते."
हे मला घरी कधी बोलली नव्हती.
मग तिचा दोरा तुटेना.
ती उठून उभी राहिली, पदर सावरत,
काटा पंख्याच्या दिशेने,
आणि मी खालून बघत राहिलो.

ती आधी निघाली.
मी दहा मिनिटं टायरवाल्याशी उगाच
एका ट्यूबचा भाव करत थांबलो.

रात्री दुधी. दोघांनी अर्धी अर्धी वाटी.
"वर्ग कसा झाला?"
"छान. पाठ मोकळी झाली. तुमचा चढ?"
"आज जरा दम लागला."
भांडी आवरताना ती जवळ आली,
माझ्या खिशाच्या कडेला वाळून बसलेला एक धागा
नखाने सोडवला, दिव्याखाली धरून पाहिला
आणि तोंडात टाकला.